ग्रँड गल्चमध्ये पहिल्यांदा उतरताना
युटा राज्यातल्या ग्रँड गल्च या दरीत प्रथमच उतरणार असाल, तर केन गल्चच्या रेंजर केंद्रात परवान्याबरोबरच कोणत्या झऱ्याला सध्या पाणी आहे याची चौकशी आवर्जून करा आणि माणशी रोजचे किमान 4 लिटर पाणी धरून चाला. सुमारे 700 वर्षांपूर्वी प्युब्लो या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांनी सोडलेल्या घरांच्या भिंतींना टेकू नका. मातीच्या लिंपणात बोटांचे ठसे अजून इतके स्पष्ट दिसतात की हात आपोआप पुढे जातो, तो आवरायलाच हवा. खापरे, दाणे सरलेली इवलीशी कणसे जिथल्या तिथे राहू द्या, कारण वंशजांसाठी ही स्थळे आजही पूर्वजांचीच आहेत. डोक्यावर ऊन असले, तरी ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नका; लोंढा दूरवरच्या पावसानेही येतो.