शिट्टी ओठांशी येऊन अडते तेव्हा

नव्याने बास्केटबॉलचे पंच झालेल्या मुलामुलींची एक तक्रार मी नेहमी ऐकते: नियम पाठ आहेत, पण ऐन वेळी शिट्टी वाजत नाही. अशाच एका मुलीची हकीकत तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

ती कॉलेजपर्यंत खेळलेली. खेळणं संपलं तरी कोर्ट सुटू नये म्हणून पंच झाली. चौदा वर्षांखालच्या शालेय सामन्यात शेवटच्या मिनिटाला तिने ब्लॉकिंगचा, म्हणजे बचाव करणाऱ्याने वाट चुकीची अडवल्याचा, फाऊल दिला आणि एका संघाचे सर बाकावरून उठून ओरडले, "अहो मॅडम, चार्ज होता तो!" म्हणजे चूक धडक देणाऱ्या चढाईच्या खेळाडूची. पालकांनीही गलका केला. त्यानंतर फाऊल दिसला तरी "नक्की होता ना?" या विचारात खेळ पुढे निघून जायचा. रात्री अंथरुणात पुन्हा तोच प्रसंग. "ताई, माझा स्वभावच या कामाचा नाही," ती म्हणाली.

स्वभावाचं मी बाजूला ठेवलं. विचारलं, "शिट्टी अडते तेव्हा तू कुठे बघत असतेस?"

"चेंडूकडे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि लगेच त्या सरांकडे."

गाठ इथेच होती. माणूस घाबरला की अर्धं लक्ष स्वतःकडे वळतं, आणि उरलेलं सगळ्यात जास्त हलणाऱ्या गोष्टीमागे धावतं. इथे ती गोष्ट म्हणजे चेंडू. पंचाचं काम मात्र बरंचसं चेंडूपासून दूर चालतं. दोन पंचांत एक लीड म्हणून बास्केटखालच्या रेषेपाशी, दुसरा ट्रेल म्हणून चढाईच्या मागे. चेंडू जोडीदाराच्या भागात असेल तर आपण बाकीचे खेळाडू पाहायचे. १८९१ साली बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी लिहिलेल्या मूळ तेरा नियमांतही ही वाटणी आहे: अंपायरने खेळाडूंकडे पाहायचं, रेफरीने चेंडूकडे. हे तिला ठाऊक होतं. घाबरल्यावर मात्र ती दोघांचं काम एकटीच करू पाहत होती.

म्हणून आम्ही लक्षालाच काम दिलं. खेळाची दिशा बदलली की मनात म्हणायचं, "आता मी लीड" किंवा "आता मी ट्रेल". आणि माझ्या भागात चेंडू आला तरी नजर आधी बचाव करणाऱ्यावर. ब्लॉक की चार्ज हे बरंचसं त्याच्यावरच ठरतं: तो समोर तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून आधी उभा राहिला होता का? चेंडूमागे गेलेल्या नजरेला फक्त कोण पडलं ते दिसतं, आणि मग निर्णय अंदाजाने द्यावा लागतो. तिची खरी धास्ती या अंदाजाची होती.

शिट्टीनंतरचा क्रमही पक्का केला. मूठ वर, एक श्वास सोडायचा, मग न धावता, गुण नोंदवणाऱ्यांच्या टेबलाला दिसेल अशा जागी जायचं. खेळाडूचा नंबर, फाऊलचा प्रकार, पुढे काय. हात ठरल्या क्रमाने चालले की आवाजही हळूहळू स्थिरावतो.

ओरडण्याचं काय? कर्णधाराने नीट विचारलं तर एका वाक्यात उत्तर: "बचावपटू जागेवर उशिरा पोचला." नुसता उद्गार सोडून द्यायचा. शेरेबाजी थांबतच नसेल तर ताकीद, आणि तरीही चालू राहिली तर टेक्निकल फाऊल, म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा फाऊल. तिला तो सूड वाटायचा. तो सूड नाही. प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो (कुणी न अडवता बास्केटवर फेकायची संधी) देऊन खेळ पुढे नेणारा नियम आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांसमोर नवख्या पंचावर तोंड टाकणाऱ्या मोठ्यांचा मला मनापासून राग येतो. मुलं तेच शिकतात, आणि नवे पंच दुसऱ्याच हंगामात दिसेनासे होतात.

चुका होणारच, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. फक्त एका बाजूला चुकलं म्हणून दुसऱ्या बाजूला भरपाईचा फाऊल कधी द्यायचा नाही. मैदान सोडण्याआधी जोडीदाराशी दोन प्रसंग बोलायचे, वहीत लिहायचे आणि वही मिटायची. रात्रीची उजळणी तिथेच उरकते.

काही आठवड्यांनी ती पुन्हा आली. तो फाऊल बरोबर होता की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही. "मी बचावपटूकडे पाहतच नव्हते," एवढं ती शांतपणे म्हणू शकली. पुढच्या स्पर्धेसाठी तिने नाव दिलं आहे, आणि जोडीला अनुभवी पंच मागून घेतला आहे.