अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आणि मधेच निघालेली मैत्रीण

प्रश्न : ताई, आम्ही चौघी कोथरूडला टू बीएचकेमध्ये राहतो. भाडं २४,०००, डिपॉझिट ६०,०००. एजंटने ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिली, म्हणाला अकरा महिन्यांचं असलं की रजिस्टर करावं लागत नाही. आता चौथ्याच महिन्यात एकीला इंटर्नशिपसाठी बंगळुरूला जायचंय आणि ओनर काका म्हणतात लॉक-इन सहा महिन्यांचा आहे, तोवर घर सोडता येत नाही, तिच्या वाट्याचे डिपॉझिटचे १५,००० विसरा. काय करायचं?

उत्तर : अगं, एजंटने तुम्हाला चक्क चुकीचं सांगितलंय, आणि दरवर्षी जून-जुलैमध्ये हेच सांगून पोरांना गंडवतात याचा मला खरंच राग येतो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे तुमचं हे भाड्याचं ॲग्रीमेंट, लेखी आणि रजिस्टर असावंच लागतं, मग ते अकरा महिन्यांचं का असेना. ती जबाबदारी मालकाची, तुमची नाही, आणि नाही केलं तर त्याला ५,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरतात, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. खर्च म्हणशील तर तुमच्या रकमेवर स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्क्याने सातशेच्या आत आणि रजिस्ट्रेशन फी १,०००, एजंट घरी मशीन आणून अंगठे घेतो, तेवढंच.

आता लॉक-इन. कागद काढ आणि बघ चौघींची नावं एकत्र आहेत का. असतील तर एक गेली म्हणजे फ्लॅट सोडला असं होत नाही, पण २४,००० पूर्ण द्यायची जबाबदारी उरलेल्या तिघींवर येते, हे आधीच आपापसात बोलून घ्या. काकांना भाडं पूर्ण मिळतंय तर डिपॉझिट कापायचं कारणच काय? नवीन मुलगी शोधा, काकांची संमती व्हॉट्सॲपवर का होईना लेखी घ्या, नवीन मुलीने १५,००० जाणारीला यूपीआयने द्यायचे, कॅश नको, आणि याच निमित्ताने नवीन नावाने ॲग्रीमेंट रजिस्टर करायला सांगा.

माझ्या भाचीच्या वेळी मालकाने बाथरूमच्या भिंतीच्या ओलीचे ८,००० कापायला घेतले होते, तिने पहिल्याच दिवशी सामान आत न्यायच्या आधी काढलेला व्हिडिओ दाखवला तेव्हा गप्प बसले. तुम्ही तेव्हा काढला नसेल तर आज काढा. आणि जाणारीला निघताना मीटरचा फोटो काढायला सांग, लाइटबिल महिन्याने येतं आणि मैत्रिणींमध्ये भांडण त्यावरूनच होतं.