लहान मुलांना राग, ताल आणि चित्रं: कणीक, टिकल्या आणि झोका

उत्तर द्यायला उशीर झाला, शनिवार-रविवार पाहुण्यांत गेला. बाकीच्यांसाठी प्रश्न परत सांगते: लेक साडेपाच वर्षांची, गाण्याच्या बाई म्हणाल्या सात पूर्ण होऊ दे मग आणा, घरी राग लावला की दोन मिनिटांत पळ काढते. तर क्राफ्टमधून गाण्याची आणि चित्रांची ओळख करून देता येईल का, तानपुऱ्याचं अ‍ॅप घ्यावं का, आणि डिसेंबरात सवाईला (पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव) न्यावं का.

मी आमच्या सोसायटीत नऊ वर्षं दर शनिवारी सात-आठ पोरं जमवतेय, ४ ते ८ वयाची. तज्ज्ञ वगैरे नाही हं, गाण्याच्या थोड्या परीक्षा दिल्या आणि सोडलं, चित्रकलेत इंटरमिजिएटला बी ग्रेड. पण फसलेले प्रयोग भरपूर आहेत गाठीशी.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते तू करू नकोस. थर्माकोलचा तबला, पुठ्ठ्याची सतार, चमकीची वीणा. निम्मं काम आयांनीच केलं, फोटो झकास आले, ग्रुपवर बदाम पडले. महिन्याभराने मी पोरांना नुसता तबला ऐकवला आणि विचारलं कशाचा आवाज, तर तिघं म्हणाले ढोलकी आणि एक म्हणाली कुकर. त्या दिवसापासून ठरवलं की वस्तू एकतर वाजली पाहिजे नाहीतर ती करताना कान लागला पाहिजे, नुसती शोभेची करायची तर आकाशकंदील काय वाईट?

सुरुवात कणकेपासून कर. पत्र्याचा रिकामा डबा घे, मोठा फुगा कापून तोंडावर ताणून बसव, वर दोन रबर बँड. तिला बोटाने वाजवू दे, टणटण आवाज येईल. मग पोळ्यांच्या कणकेतला सुपारीएवढा गोळा जरा सैल करून फुग्याच्या मधोमध चिकटवायला सांग आणि परत वाजव. आवाज एकदम खाली उतरतो, भरीव होतो. अजून थोडी लाव, अजून खाली. आता तिला सांग की पखवाजवाले (पखवाज म्हणजे मृदंगासारखा आडवा, दोन तोंडांचा) अगदी हेच करतात, डाव्या बाजूला वाजवायच्या आधी ओली कणीक लावतात, वाजवून झालं की खरवडून काढतात. तबल्यावर जो काळा गोल असतो ती शाई, तिचंही काम वजन देण्याचंच, फक्त ती कायमची असते आणि डग्ग्यावर (जोडीतला डाव्या हाताचा, मोठा) ती मधोमध नसून एका बाजूला असते (हे मुलांना दाखवलं की ती प्रत्येक फोटोत शोधत बसतात). हे सगळं झाल्यावर ध्रुपदातला (ही गाण्याची जुनी, धीरगंभीर पद्धत) पखवाज तीन मिनिटं लाव, जास्त नाही. आमच्याकडचा एक पाच वर्षांचा मुलगा ऐकता ऐकता म्हणाला, "मावशी, कणीक ऐकू येतीये." मला अजून काय पाहिजे होतं!

आणि हो, फुग्याचे तुकडे लहान भावंडाच्या हाती लागू देऊ नकोस, घशात अडकतात. पुढे टिकल्या येणार आहेत, त्यांचंही तेच.

दुसरं म्हणजे तालाची चकती, हे माझं सगळ्यात आवडतं. ताटली ठेवून कागदाचा गोल कापायचा आणि अर्धी घडी, परत अर्धी, परत अर्धी, परत अर्धी. चार घड्या. उघडलं की सोळा पाकळ्या, म्हणजे सोळा मात्रांचा तीनताल तयार! चार-चार पाकळ्यांचा एक विभाग, प्रत्येकाला वेगळा रंग, फक्त नववीपासून बारावीपर्यंत रंगच द्यायचा नाही, पांढरं सोडायचं, कारण ती 'खाली', म्हणजे तालातली टाळी न देण्याची जागा. पहिल्या पाकळीवर मोठी लाल टिकली, ती सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. मग तू तोंडाने धा धिं धिं धा म्हणायचं, तिने बोट फिरवत न्यायचं, एक, पाच आणि तेराला टाळी, नऊला हात हवेत. मुलांना टाळीपेक्षा खालीच जास्त आवडते, का ते मला अजून कळलेलं नाही, बहुतेक काहीतरी न करण्याची परवानगी मिळते म्हणून. दादरा या सहा मात्रांच्या तालाला सहा पाकळ्या, आधी अर्धी घडी आणि मग तिचे तीन भाग. दहा मात्रांचा झपताल मात्र घडी घालून येत नाही, दहाचे भाग करताना मी एकदा कोनमापक आणला आणि पोरं उठून सायकल खेळायला गेली. जाऊ दे तो.

चकतीवरच्या टिकलीतून चित्राकडे आपसूक जाता येतं. रझांचं नाव ऐकलं असशील, सय्यद हैदर रझा, जन्म १९२२, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातले, नंतर आपल्या मुंबईच्या जे.जे.त शिकले आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. लहानपणी शाळेत त्यांचं लक्ष लागायचं नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि याच्याकडे बघत बस म्हणाले. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मधोमध येऊन बसला. ही गोष्ट चंचल मुलांना इतकी पटते की बास, कारण लक्ष लागत नाही हे वाक्य त्यांनी स्वतःबद्दल रोज ऐकलेलं असतं. चित्र मोबाईलवर न दाखवता ए फोर साइजचं रंगीत प्रिंट काढ, फ्रिजवर लाव. मग टिकल्यांचं पाकीट, सगळ्यात मोठी टिकली कागदाच्या मधे लावायची आणि तिच्याभोवती काय ते तिचं ती ठरवेल. रझांची हुबेहूब नक्कल करून घेऊ नकोस. नेटवर कँडिन्स्की या रशियन चित्रकाराच्या गोलांचं क्राफ्ट सगळीकडे असतं बघ, चौकटीत गोलात गोल, ते मीही केलं, वाईट नाही, पण तीस मुलांची तीस चित्रं सारखीच दिसतात, आणि गंमत म्हणजे त्याचं ते १९१३ चं काम म्हणजे रंग एकमेकांशेजारी कसे दिसतात हे बघायला केलेला छोटासा अभ्यास होता. म्हणजे त्याने प्रयोग केला आणि आपण त्याचा साचा केला.

आता झोका. रागमाला चित्रं माहीत असतील तुला, राजस्थानात, पहाडी भागात आणि आपल्या दख्खनमध्येही काढली जायची, एकेका रागाला माणसाचं रूप देऊन काढलेली लघुचित्रं. हिंदोल म्हणजे झोपाळ्यावर बसलेला, तोडी म्हणजे हातात वीणा घेतलेली बाई आणि तिचं गाणं ऐकायला आलेली हरणं, मेघ म्हणजे काळे ढग. लहान मुलांसाठी यासारखं दुसरं काही नाही, गाणं आणि चित्र एकाच कागदावर आणि वर गोष्ट पण. फक्त एक सांगते, चित्रातला झोपाळा आजच्या हिंदोलच्या सुरांत शोधायला जाऊ नकोस, ही चित्रं रागांची वर्णनं करणाऱ्या श्लोकांवरून आलेली आहेत, चित्रकार मैफिलीत बसून काढत होता असं नाही. मुलांना हे सांगायची गरज नाही, पण एखाद्या आजोबांनी तुला हटकलं तर माहीत असावं.

हिंदोलचं चित्र आधी नीट बघायचं, झोका कुठल्या बाजूला चाललाय, दोऱ्या कशा आहेत. मग पुठ्ठ्यावर झोक्यातलं माणूस काढून कापायचं, मागे पाच रुपयांचं नाणं चिकटवायचं म्हणजे वजन येतं, आणि दोऱ्याने दाराच्या चौकटीला टांगायचं. दोरा १ मीटर ठेवलास तर जाऊन परत यायला साधारण २ सेकंद लागतात. आता दुप्पट लय पाहिजे तर दोरा किती करायचा? सगळे अर्धा म्हणतात, मीही तेच म्हटलं होतं आणि तोंडावर पडले, माझ्या नवऱ्याने (इंजिनीअर, अशा वेळी बरोब्बर प्रकट होतो) सांगितलं की पाव करायचा. २५ सेंटिमीटर केला की १ सेकंद. दोन झोके शेजारी टांगले, एक लांब एक आखूड, की डोळ्यासमोर ठाय (मूळ लय) आणि दुगुन (तिची दुप्पट) चालू असते. मग एखादी विलंबित, म्हणजे संथ लयीची बंदिश लावायची आणि विचारायचं हे गाणं कुठल्या झोक्याचं, नंतर द्रुत, म्हणजे जलद लावायचं. शब्द माहीत नसताना मुलं लयीबद्दल भांडायला लागतात, आमच्याकडे तर एकदा झोंबाझोंबी झाली, तिसरा झोका पाहिजे म्हणून.

तोडीची हरणं मातीची केली होती, छान झाली, पण गाण्याशी संबंध राहिला नाही, सगळं लक्ष शिंगांवर. मेघला काळ्या कागदावर खडूने ढग, पाऊस पडत असेल त्या दिवशी.

जलतरंग, म्हणजे पाणी भरलेल्या भांड्यांचं वाद्य, सोपं आहे, चिनी मातीचे पाच बाऊल, स्टीलच्या वाट्या नकोत, कर्कश वाजतात. पाणी वाढवलं की सूर उतरतो, कमी केलं की चढतो. सा रे ग प ध लावलेस की भूप राग झाला, यात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे कसंही वाजवलं तरी फार बेसूर लागत नाही. चमच्याऐवजी पेन्सिल दे, बाऊल फुटायचे वाचतील.

तानपुऱ्याचं अ‍ॅप घे, फुकटवालं चालतं, आणि ती चित्र काढत असताना बारीक आवाजात सुरू ठेव, "ऐक बाळा" म्हणू नकोस. खोक्यावर चार रबर बँड लावून तानपुरा करता येतो, पण जवारी (तारेचा तो गुंजणारा झंकार) त्यात येत नाही, खऱ्या तानपुऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवला की जो झंकार उठतो तो रबराच्या नशिबी नाही, मी दोऱ्यापासून टूथपिकपर्यंत सगळं घालून बघितलंय. त्यापेक्षा मिरजेला जाणं झालं तर सतारमेकरांच्या दुकानात ने. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळवलेले भोपळे टांगलेले असतात, तानपुरा आधी भाजी होता हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं.

एकच रेकॉर्डिंग महिनाभर चालव. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना नाही. कुमार गंधर्व लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचे, ती काय एकदा ऐकून? आपल्या पोरी कुमार होणार नाहीत, ठीक आहे, पण ओळखीचं गाणं लागलं की मान वर करतात.

राहिलं सवाई. ने की. पण कडेला बस, मधे अडकू नकोस, आणि एकच कलाकार ऐकून निघायचं हे घरूनच ठरवून जा, तिलाही सांगून. पिशवीत तालाची चकती, वही, चार खडू, आणि खाऊ डब्यात. वेफर्सचं पाकीट नको, मागच्या वेळी विलंबितात आमच्या एका वीराने ते फोडलं आणि पुढच्या तीन रांगा वळून माझ्याकडे बघत होत्या.