नागोठण्याच्या कारखान्यातला इथिलीन आणि आंबा पिकवणारा इथिलीन एकच का? मग आंबा खावा का?

हो, एकच. आणि आंबा बिनधास्त खा.

नागोठण्याचा गॅस क्रॅकर, म्हणजे वायूचे रेणू तोडणारा कारखाना, उभा राहिला तो मुंबई हायच्या वायूवर. त्या वायूतून उरणला वेगळे केलेले इथेन-प्रोपेन 800 अंशांच्या वर तापवले की रेणू तुटतात आणि इथिलीन मिळतो. त्याचे रेणू साखळीसारखे जोडले की पॉलिथिन, म्हणजे आपल्या पिशव्या, पाइप, डबे.

पण हाच वायू हापूस स्वतःही बनवतो! आमच्याकडे भाताच्या पेंढ्यात अढी घालतात. तीन-चार दिवसांनी पेंढ्यात हात घातला तर आत ऊब लागते, देठापाशी वास सुटलेला असतो. एक आंबा पिकू लागला की त्याच्या इथिलीनने शेजारचेही पिकतात. पेंढा तो वायू आणि ऊब धरून ठेवतो, एवढंच.

पिकवण्याच्या खोलीत इथिलीन दहा लाखांत 100 भागांपर्यंत वापरायला परवानगी आहे. तो पेट घेतो हवेत साधारण 2.7 टक्के झाल्यावर, म्हणजे याच्या 270 पट. तरी सिलिंडरजवळ विडी-काडी नकोच.

खरी भीती आंबे झटपट पिकवायला पुडीत बांधून पेटीत ठेवतात त्या कॅल्शियम कार्बाइडची. त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि सोबत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंशही असू शकतात. फळं पिकवायला ते वापरण्यावर बंदी आहे. पेटीत कागदाची पांढरी पुडी दिसली तर ती पेटी घेऊच नका, कितीही स्वस्त असो.