जागलीला बसायला शिक आधी

भाऊ, काल वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट गेममधल्या अराथी बेसिन या रणांगणात तू एकट्यानं नऊ जण लोळवले अन् तरी हरलो म्हणून चिडला होतास. लेका, पुलावरच्या मारामारीचे तिथं मार्क नसतात. १५ विरुद्ध १५, तळ पाच: तबेला, शेत, लोहारखाना, लाकूडगिरणी, सोन्याची खाण. तीन धरून ठेवले की झालं. पाचही घ्यायला धावणारी टीम हातचे तीनही घालवते, हे लई वेळा पाहिलं मी.

झेंड्याला हात लावला की तळ लगेच आपला होत नाही, मिनिटभर जातो. नेमके तेव्हाच आपले पोट्टे पुढं पळतात. तू थांब. वावरात जागलीला असताना डुक्कर दिसत नाही म्हणून माळ्यावरून उतरून घरी जातोस का? आलं की आधी टाइप कर, 'तबेला ३', म्हणजे तबेल्यावर तिघं आले. मग लढ. अन् मरायचंच तर झेंड्याजवळ मर. तो घेणाऱ्याला एक फटका बसला तरी त्याचं काम तुटतं.

गेममधल्या दोन बाजूंपैकी कोणती घ्यायची, अलायन्स की होर्ड? जिकडं गर्दी जास्त, तिकडं रणांगणात शिरायची रांग लांब. आपल्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून मी कमी गर्दीचीच बाजू धरतो. 'समोरचेच भारी' हे रडगाणं तर दोन्हीकडं ऐकलं बाप्पा.

अल्टरॅक व्हॅली हे दुसरं, मोठं रणांगण आत्ता नको. ४० जणांच्या गर्दीत आपली चूक कळतच नाही.