बायकोचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट-कंबर दुखतेच. डॉक्टर म्हणतात टेन्शन. बायकांच्या दुखण्याकडे खरंच दुर्लक्ष होतं का?

हो, होतं. आणि वहिनींचं दुखणं खरं आहे. हे त्यांना सगळ्यात आधी तुमच्या तोंडून ऐकू द्या.

तुम्ही लिहिलंय की काही वर्षांपासून ओटीपोट आणि कंबर दुखते, पाळीत तर उठवत नाही, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट मात्र स्वच्छ. हे सगळं मी भोगलेलं आहे. मला एंडोमेट्रिओसिस आहे. शाळेत असताना सुरू झालेल्या त्रासाचं निदान तिशीत झालं. तोवर ‘लग्न झालं की थांबेल’ आणि लग्नानंतर ‘एक मूल होऊ दे’ हेच ऐकत आले. एका डॉक्टरांनी तर मी समोर बसलेली असताना माझ्या नवऱ्याला विचारलं, “या घरी फार चिडचिड करतात का?” आणि केसपेपरवर ‘अँग्झायटी’ लिहिलं. कुठे दुखतं, कधी दुखतं, किती दुखतं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. पुढचे डॉक्टर तोच कागद वाचून सुरुवात करतात, त्यामुळे एकदा लागलेला शिक्का पुसता पुसत नाही.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजकोशावर, आतड्याजवळ, पोटाच्या आतल्या आवरणावर. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, झाली असेल तर सोनोग्राफीत दिसते, पण आवरणावरचे बारीक ठिपके नेहमीच्या सोनोग्राफीत बहुतेकदा दिसत नाहीत. म्हणजे ‘नॉर्मल’ रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीत काही सापडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार आहे. वहिनींना हाच असेल असं मी म्हणत नाही. आतडी, मूत्राशय, ओटीपोटाचे स्नायू, कारण काहीही असू शकतं. पण ते शोधायला तर हवं!

आणि हे नुसतं माझ्या-तुमच्या अनुभवापुरतं नाही. अमेरिकेतल्या एका इमर्जन्सी विभागातला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटात तीव्र दुखतंय म्हणून आलेल्या पुरुषांना वेदनाशामक मिळायला सरासरी ४९ मिनिटं लागली, बायकांना ६५. दुखण्याची तीव्रता दोघांनी जवळपास सारखीच सांगितली होती. याची मुळं प्रयोगशाळेपर्यंत जातात. वेदनेवरच्या एका प्रमुख नियतकालिकातले दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग २००५ मध्ये तपासले गेले, तेव्हा ७९ टक्के प्रयोग फक्त नरांवर झालेले निघाले. पुढे २०१५ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की नर आणि मादी उंदरांमध्ये जुनाट वेदना वेगवेगळ्या पेशींमार्फत चालते. मायग्रेन, फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार), संधिवात हे आजार बायकांना जास्त होतात, आणि वेदनेचं शास्त्र मात्र नर उंदरांवर उभं राहिलं. याचा मला आजही राग येतो.

आपल्याकडे या दुर्लक्षाचं दुसरं टोकही आहे. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता; पाळीत पोट दुखतं म्हणून घरी राहिलं की खाडा आणि त्याचा दंड. फडावर ना संडास, ना पाण्याची सोय. अंगावर पांढरं जातंय, ओटीपोटात ठणका आहे, म्हणून बाई दवाखान्यात गेली की औषधपाणी राहिलं बाजूला, ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ अशी भीती घातली गेली. ऐन तिशीत. त्यातल्या कितीतरी जणी नंतरही कंबरदुखी आणि अशक्तपणाच सांगतात. शहरातल्या बाईला टेन्शन आहे म्हणून परत पाठवायचं आणि फडावरच्या बाईचा अवयवच काढायचा. दुखतंय कशामुळे, हे दोघींच्याही बाबतीत कुणी नीट विचारत नाही.

म्हणून वहिनींना कुणी घाईने पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय हो म्हणू नका. एंडोमेट्रिओसिस असेल तर तो पिशवीच्या बाहेर असतो, त्यामुळे पिशवी काढूनही दुखणं राहू शकतं. बीजकोशही लवकर काढले तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

आता लगेच करण्यासारखं म्हणजे एक वही. रोजची तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं शून्य ते दहापैकी किती, कुठली गोळी घेतली, त्या दिवशी काय करता आलं नाही. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. ‘फार दुखतं’ यापेक्षा ‘कुकर उचलता आला नाही, ऑफिस बुडालं’ हे डॉक्टर लिहून घेतात. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की त्याला जुनाट वेदना म्हणतात आणि त्यावर वेगळे उपचार असतात. मोठ्या शहरांत पेन क्लिनिक, म्हणजे वेदनेवरच उपचार करणारे दवाखाने, आहेत, ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्टही आहेत. मला गोळ्यांइतकाच त्यांचा उपयोग झाला.

तुम्ही सोबत जा, पण उत्तरं त्यांनाच देऊ द्या. आणि जाण्याआधी घरी दोघंच असताना विचारा: शौचाला बसताना दुखतं का, लघवीला, संबंधांच्या वेळी? सासू किंवा आई शेजारी असली की बाई यातलं काही बोलत नाही, नुसतं ‘पोट दुखतं’ म्हणते. डॉक्टरांना पुढची तपासणी कोणती करायची हे बऱ्याचदा याच उत्तरांवरून ठरवता येतं.