डायजेस्टरवरची नोकरी सोडावी का?

प्रश्न: माझ्या मुलीने एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलं. सध्या ती शहराच्या सांडपाणी प्रकल्पात गाळाच्या डायजेस्टरचं, म्हणजे गाळ कुजवून गॅस काढणाऱ्या टाकीचं, काम बघते. नातेवाईक म्हणतात, एवढं शिकून गटारात कशाला? गोव्यातल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलची जागा मिळतेय, महिनाअखेर कळवायचंय. शिवाय प्लांटवरून रात्रीबेरात्री तिला फोन येतात. काय करावं? – एक आई, मिरज

उत्तर: ताई, नातेवाइकांचं राहू द्या. औषध कंपनीतही शिफ्ट चुकत नाही. तुम्हाला खटकलेली गोष्ट मला मात्र आवडली. रात्री फोन येतो तो तिलाच, म्हणजे प्लांटवर काही बिनसलं की तिचं मत घेतलं जातं.

ते बिनसतं कसं, हे थोडं सांगतो. हवाबंद टाकीत साधारण 35 ते 37 अंशांना गाळ वीसेक दिवस राहतो. सूक्ष्मजीवांचा एक गट त्याचं आम्ल करतो, तो भराभर वाढतो. दुसरा गट शेवटी मिथेन बनवतो. तो सावकाश वाढतो आणि तापमान किंवा फीड (म्हणजे रोज टाकीत जाणारा गाळ) एकदम बदललं की आधी तोच मान टाकतो. सुट्टीत पंप बंद ठेवून सोमवारी दुप्पट गाळ ढकलला, की आम्ल साचायला लागतं. पावसाळ्यात गाळ पातळ आला की टाकीत जास्त पाणी जातं, वीस दिवसांचा मुक्काम बारावर येतो आणि मिथेनवाले वाढायच्या आत वाहून जातात. तळाशी वाळू साचून टाकीची जागा कमी झाली, तरी तेच.

ऑपरेटर बहुतेक वेळा पीएच बघतो. तो सातच्या आसपास दिसला की निर्धास्त. पण अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची टाकीतल्या पाण्याची ताकद, शिल्लक असेपर्यंत पीएच फारसा हलतच नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जाणकार आधी आम्ल आणि अल्कलिनिटी यांचं गुणोत्तर बघतात. 0.1-0.2 च्या आसपास असलेलं गुणोत्तर रोज थोडं थोडं चढत 0.3-0.4 कडे निघालं आणि गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढला, की फीड कमी करायचं. गडबडीत आम्ल मारायला चुना ओतला तर तो टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, आत दाब घटतो, बाहेरची हवा ओढली जाते, छताला धोका होतो. सोडियम बायकार्बोनेट महाग पडतं, पण सुरक्षित. ही सगळी मायक्रोबायोलॉजीच आहे, ताई. फक्त पेट्री डिशऐवजी टाकीतली.

पुढचा रस्ताही अरुंद नाही. तुमच्याच सांगली-कोल्हापूर पट्ट्यात डिस्टिलरीचा स्पेंट वॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी) अशाच टाक्यांतून जातो, साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्यापासून) गॅस काढतात. केंद्र सरकारच्या 2018 च्या ‘सतत’ योजनेनंतर कॉम्प्रेस्ड (दाबून भरलेल्या) बायोगॅसचे प्रकल्पही येत आहेत. बिघडलेला डायजेस्टर सावरून दाखवलेला माणूस यातल्या कुठल्याही मुलाखतीत वेगळा दिसतो. संशोधनाकडे वळायचं असेल तर नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. एम.टेक.च्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेत 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. कुठली संस्था मायक्रोबायोलॉजीवाल्यांना घेते, ते मात्र त्या-त्या संस्थेच्या प्रवेश नियमांत बघायला सांगा.

तुमची काळजी खरी आहे ती सुरक्षेची, आणि तिथे मी अजिबात सूट देणार नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण फार वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. ‘वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ असं म्हणणारा सुपरवायझर धोकादायक. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते. अंगावर गॅस डिटेक्टर मिळतो का, टाकीत उतरण्याआधी लेखी परमिट लागतं का, हे तिला आजच विचारा. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं आणि मॅनेजमेंट हलत नसेल, तर पगार कितीही असो, नोकरी सोडायला सांगा.

तिथे सगळं ठीक असेल तर पुढचं तिनेच मॅनेजरला विचारावं: गुणोत्तर चढताना दिसलं तर फीड कमी करायचा अधिकार मला आहे का? आणि गुणोत्तर रोज मोजायची सोय देणार का? दोन्हींना होकार मिळाला तर दोन वर्षं तिथेच काढू द्या. ‘तू फक्त लॉगबुक भर’ असं उत्तर आलं, तर महिनाअखेरची वाट न बघता गोव्याला होकार कळवा.